घागरीला लावलेला कान

आमच्या घरात तांब्याची एक घागर आहे, तिच्यात कधी कुणी पाणी भरत नाही. ती ऐकायची घागर आहे.

माझे वडील, आप्पा, दोन एकर शेती करतात आणि पाण्यात बुडी मारून लोकांचे पाइप मोकळे करतात. आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यात, घोड धरणाच्या फुगवट्याला लागून. काठाकाठाने शेतकऱ्यांचे पाइप पाण्यात उतरलेले असतात आणि प्रत्येक पाइपाच्या टोकाला, तळाशी, जाळी असते. तिच्यावर शेवाळ बसतं, प्लॅस्टिक अडकतं, मासेमारीच्या फाटक्या जाळ्या गुंडाळल्या जातात. मग मोटार नुसती गुरगुरते, पाणी येत नाही, ऊस माना टाकायला लागतो आणि आप्पांना फोन येतो. आप्पा कमरेला दोर बांधतात, दोन काळे गोटे कमरेच्या पिशवीत घालतात, छाती भरून श्वास घेतात आणि जातात खाली. ना टाकी, ना नळी. तीन पुरुष खोल, दीड मिनिट, कधी थोडं जास्त. माणूस साठीला आलाय, पण हे त्यांना सांगायचं कुणी?

गोटे खुणेसाठी. एकदा वाजले की पोचलो. दोनदा वाजले की काम झालं, ओढा. लागोपाठ वाजायला लागले की अडकलो, असाल तसे ओढा. दोराला हिसका देऊन खूण का करत नाहीत, असं मला पुण्यात एकाने विचारलं होतं. त्याने फुगवट्यावरचा वारा बघितलेला नाही. तिथे लाटच दोराला दिवसभर हिसके देत असते. त्यातला माणसाचा कुठला आणि पाण्याचा कुठला हे हाताला कळत नाही.

ऐकायचं काम आईचं. लग्न झालं त्याच वर्षी माझ्या आजोबांनी तिला ते शिकवलं, कारण तोवर ते स्वतः ऐकत होते आणि त्यांना आता शेतावर जायचं होतं. घागरीचं बूड वीतभर पाण्यात दाबायचं, तोंडाला एक कान लावायचा, दुसरा तळहाताने झाकायचा. ड्रमांच्या तराफ्यावर आई अशी बसली की दोर धरणारे बाप्ये श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघायचे. "पोचले," ती म्हणायची. आणि मग मोठ्याने, "ओढा!" गावात दुसऱ्या कुठल्या बाईच्या शब्दावर एवढे पुरुष हललेले मी पाहिले नाहीत.

मी लहानपणापासून काठावर बसून हे बघत आले आणि प्रत्येक वेळी आप्पा वर येईपर्यंत मनात आकडे मोजत आले. अजूनही मोजते. कदाचित म्हणूनच मी शिकायला निघाले ते नेमकं हेच निघालं, पाण्याखालचा आवाज. माझा विषय आहे समुद्राच्या खडबडीत पृष्ठभागावरून आवाज कसा विखुरतो. नगर जिल्ह्यातल्या मुलीने समुद्राचा विषय घेतला म्हणून भावकीत पुष्कळ चेष्टा झाली. "काय गं, समुद्र आनतीस का श्रीगोंद्याला?" असं एक चुलते लग्नकार्यात हमखास विचारतात. मी खरा समुद्र अभ्यासासाठी एकदाच पाहिला, आणि त्या बोटीवर मला बहुतेक वेळ उलट्या झाल्या.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी सांगितलं, समुद्र मिळेल तेव्हा मिळेल, तोवर जे पाणी जवळ आहे ते ऐकायला शीक. म्हणून मी पाण्यात सोडायचा माइक, रेकॉर्डर आणि हेडफोन घेऊन गावी यायला लागले. आप्पा कामावर निघाले की मी मागोमाग.

आईला एकदा मी हे सगळं समजावून सांगितलं. ती गवार मोडत होती, मी समोर बसले होते. म्हटलं, "खालून आलेला आवाज पाण्याच्या वरच्या कडेला धडकतो आणि बहुतेक सगळा परत खालीच जातो. हवेत जवळजवळ निसटतच नाही. पाणी शांत असलं तर तो नीट एका बाजूला परततो. लाट असली तर फुटतो, दहा दिशांना जातो."

"मंजी सारवलेल्या भिताडावर चेंडू मारला तर नेमका हातात येतो," आई म्हणाली, "आन दगडाच्या गडग्यावर मारला तर कुटं जाईल त्याचा नेम न्हाई."

माझं पहिलं प्रकरण चाळीस पानांचं होतं. तिने ते गवारीच्या चार शेंगांत संपवलं. मी इतकी खूश झाले की पुढचंही सांगितलं: आवाजालाही लाटा असतात, बारीक आवाजाच्या आखूड आणि जाड आवाजाच्या लांब. आखूड लाटेचा आवाज पाण्याच्या छोट्या तरंगावरही फुटतो. लांब लाटेच्या आवाजाला तेवढा तरंग जाणवतही नाही, त्याच्या लेखी पाणी सपाटच असतं. आई मान हलवत होती, माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. मला वाटलं, काय लक्ष देऊन ऐकते आहे.

हिवाळ्यातलं पहिलं रेकॉर्डिंग छान झालं. पाणी स्थिर होतं. खालून आप्पांचे गोटे दोनदा वाजले, माझ्या हेडफोनमध्ये खणखणीत, आणि त्याच क्षणी आई ओरडली, "ओढा!" पुढचंही तसंच, त्याच्या पुढचंही. मग उन्हाळा लागला, दुपारचा वारा सुटायला लागला, आणि एका दिवशी गोटे दोनदा वाजले तरी आई गप्प. मी तोंड उघडणार एवढ्यात ती म्हणाली, "ओढा!" घरी येऊन मोजलं तर मधे अकरा सेकंद गेले होते.

दीड मिनिटाच्या श्वासात अकरा सेकंद म्हणजे किती, हे मला तेव्हा भीतीने कळायला हवं होतं. लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. माझ्या हातात माझा विषय आला होता. शांत पाण्यात ऐकणाऱ्याला आवाज मिळतो, लाट उठली की हरवतो. आणखी दोन वाऱ्याच्या दिवशी तसंच झालं, एकदा सात सेकंद, एकदा नऊ. मी तक्ता काढला, रंगीत आलेख काढला आणि बाईंपुढे ठेवला.

बाईंनी चष्मा वर केला. "पृष्ठभागावर आपटून येणारा आवाज विखुरला, ठीक. पण तळापासून घागरीपर्यंत थेट येणारा आवाज असतो ना? तो कुठे गेला? आणि दोन दगडांच्या आवाजात जाड भाग भरपूर असतो. दोन-तीन बोटांच्या लाटेने त्याचं काय बिघडलं?"

मी काहीतरी उत्तर दिलं. बुडबुडे, तराफ्याची सावली, असं काहीबाही. त्यांनी "बघ पुन्हा" एवढंच म्हटलं.

शिरूरपर्यंतच्या एसटीत मी वहीत गणित करत आले. पुन्हा पुन्हा केलं, हात गाडीने हलत होता म्हणून आकडे वाकडे आले, पण उत्तर तेच. त्या वाऱ्याला, त्या लाटेला, गोट्यांचा आवाज पुसण्याची ताकदच नव्हती. माझ्या हेडफोनमध्ये तो स्वच्छ येत होताच की. माइक घागरीपासून हातभर अंतरावर होता. पाणी निर्दोष होतं. मग राहिलं काय?

राहिला कान. मी वही मिटली.

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. वीस वर्षं आईने घरची पिठाची गिरणी चालवली, पट्ट्याच्या शेजारी उभं राहून. अलीकडे फोन आला की ती म्हणायची, "तूच बोल, माझं हात खरकटं हायती." कुकरच्या शिट्ट्या ती मोजत नव्हती, शिट्टी वर उडालेली बघत होती. घरी पोचल्यावर मी स्वयंपाकघरात तिच्या मागे उभं राहून हळूच "आई" म्हटलं. मग जरा मोठ्याने म्हटलं. ती शांतपणे भाकरी थापत राहिली. वळून मला बघितलं तेव्हा दचकली आणि म्हणाली, "कवा आलीस? भूत कुटली."

तरी मनाला वाटत होतं, घागरीतून येत असेल. घागरीचं वेगळं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ताटासारखं निवांत असताना मी आईला म्हटलं, मला एक तपासणी करायची आहे, गोटे वाजले की हात वर कर. मी गळाभर पाण्यात उतरले आणि पाण्याखाली गोटे वाजवले. तिचा हात वर गेला. पुन्हा वाजवले, पुन्हा गेला. मग मी तराफ्याच्या ड्रमाआड सरकले, जिथून तिला माझे खांदे दिसत नव्हते, आणि मला मात्र दोन ड्रमांच्या फटीतून ती दिसत होती.

मी वाजवले. काही नाही. जोरात वाजवले, बोट चेंगरलं. काही नाही. मग मी वाजवायची थांबले आणि तेव्हा तिने हात वर केला. थोड्या वेळाने पुन्हा. अंदाजाने, नेमाने, एखादी शाळकरी पोर उत्तर येत नसताना बोट वर करते तशी ती हात वर करत होती, आणि कान घागरीला घट्ट लावलेला होता.

मी पाण्यातच रडून घेतलं, म्हणजे बाहेर आल्यावर विचारायला नको.

"आलं का बरुबर?" तिने विचारलं.

"आलं," मी म्हटलं.

आणि दोन दिवसांनी आप्पांना खाली जायचं होतं. पलीकडच्या मळ्यातल्या शेतकऱ्याची मोटार पाणी ओढत नव्हती, पाइप खोलात होता. ते दोन दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. आप्पांना सांगावं, तर आईची तराफ्यावरची जागा मी हिसकावून घेणार. तिच्या आयुष्यात तिच्या मालकीचं असं ते एवढंच होतं. न सांगावं, तर आप्पा ज्या भरवशावर उतरणार तो भरवसाच नाही. शांत पाण्यात ती बरोबर कशी सांगते, हेही मला उमजत नव्हतं. मी तोंड उघडायची आणि "चहा टाकू का?" असं काहीतरी विचारायची. चार वेळा चहा झाला. आप्पा म्हणाले, "पुन्यात पगार चहाच्या कंपनीकडनं मिळतो का गं?"

शेवटी मी पळपुटा मार्ग काढला. कुणाला काही सांगायचं नाही, हेडफोन लावून आईच्या शेजारी बसायचं. बॅटरी मी तीनदा तपासली. वायर ओढून बघितली, सैल वाटली, चिकटपट्टी गुंडाळली, परत ओढून बघितली.

त्या दिवशी वारा सकाळपासूनच होता. तराफ्यावर आम्ही पाच जण, आप्पांना धरून सहा. मळ्याचा मालक आणि त्याचे दोन भाऊ दोर धरायला, आई घागर घेऊन, तिच्याजवळ मी. पाणी काळपट दिसत होतं आणि त्याच्यावर तुटक पांढरे फटकारे उठत होते. मी म्हटलं, "आप्पा, उद्या सकाळी उतरलं तर?"

"उद्या ऊस थांबनार हाय व्हय?" ते म्हणाले, आणि गेले.

एकदा गोटे वाजले. आई जरा वेळाने म्हणाली, "पोचले." मी मनात आकडे मोजत होते. हेडफोनमध्ये लाटांची चळचळ, ड्रमांवरच्या चापट्या आणि खाली खोल कुठेतरी लोखंडावर घासल्याचा आवाज. चाळीस. पन्नास. साठ. मग घासण्याचा आवाज घाईचा झाला. सत्तर. आणि एकदम गोटे वाजायला लागले, लागोपाठ, मधे जागा नाही.

मी आईकडे पाहिलं. कान घागरीला, नजर पाण्यावर, चेहरा शांत. आणि मी थांबले. एका श्वासाएवढी का होईना, थांबले, तिला ऐकू येतं का ते बघायला. माझा बाप खाली अडकला होता आणि मी तपासणी करत होते. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

"ओढा!" मी किंचाळले. "ओढा, ओढा, अडकलेत!"

दोर ताणला, अडला. तिघांनी पाय रोवून पुन्हा ओढला तेव्हा कुठे सुटला, आणि आप्पा वर आले, निळसर, तोंड उघडं. घोट्याला नायलॉनची जाळी करकचून गुंडाळलेली होती आणि तिच्याखाली रक्त. त्यांना तराफ्यावर पालथं घातलं. पाणी ओकले, खोकले, आणि पहिला शब्द काढला तो शिवीच होती, त्या जाळीला. मला तेव्हा हुंदका आवरला नाही.

आईने ना आरडाओरडा केला ना माझ्याकडे पाहिलं. घागर पाण्यातून काढली आणि पदराने पुसत राहिली, कोरडी झाली तरी पुसत राहिली. मग तिने विचारलं, "कवा वाजलं?"

"आत्ताच," मी म्हटलं. दुसऱ्यांदा खोटं बोलले.

संध्याकाळी आप्पा पाय उशीवर ठेवून ओसरीत पडले होते. आई गोठ्यात होती. मला काही सुचेना म्हणून मी रेकॉर्डिंग लावून बसले, आणि ह्या वेळी मूळ रेकॉर्डिंग, साफ न केलेलं. आमच्या विषयात आधी नको असलेला आवाज छाटून टाकतात. हिवाळ्यापासूनच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमधून मी एक गुडगुड छाटत आले होते, गोटे दोनदा वाजायच्या आठ-दहा सेकंद आधीची. आता ती नीट ऐकली. प्रत्येक वेळी होती. आधी गुडगुड, मग दोन गोटे. शांत पाण्यातही, वाऱ्यातही. आजच्या लागोपाठच्या गोट्यांआधी मात्र नव्हती.

ते बुडबुडे होते. आप्पा खालून हवा सोडत होते, ती वर पोचेपर्यंत थांबत होते आणि मगच गोटे वाजवत होते. शांत पाण्यावर बुडबुडे वर येऊन फुटतात ते आईला दिसायचे. वारा असला की पाणी आधीच फुटलेलं, त्यात बुडबुडे कुठून दिसणार? लाटेने हरवलं होतं, माझं तेवढं खरं होतं. फक्त आवाज हरवला नव्हता.

मी हेडफोन काढला. "आप्पा, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

त्यांनी आधी गोठ्याकडे पाहिलं. "दोन दिवाळ्या झाल्या."

"आणि तुम्ही श्वास सोडत होता? खाली? काम झाल्यावर छातीत राहतो किती?"

"तिला दिसाया मूठभर तर सोडाया लागतो."

"आणि वारं असल्यावर?"

"वारं असलं की मीच वर याया लागतो, ती दोर ढिला बगून ओढा म्हनंपतूर. आज जाळीनं घोळ केला."

माझा आवाज चढला. "पण तिला सांगायचं ना! दुसरं कुणी बसलं असतं!"

"काय सांगू?" आप्पा म्हणाले. "चाळीस वर्सं तिच्या कानावर खाली जातोय मी. तू घरी बस, तुजा कान गेला, असं सांगू? माज्या तोंडातनं न्हाई निगायचं." मग जरा थांबून म्हणाले, "तिला म्हाईत न्हाई मला ठावं हाय ते. तू बी बोलू नगंस."

मी बोलले नाही. पण आठवड्याने, घोट्याची जखम सुकल्यावर, मी आईला म्हटलं की माझ्या हेडफोनमधून एकदा ऐकून बघ, मला दुसऱ्या माणसाचं मत हवंय. ती हसली. तिला माझी सोंगं लहानपणापासून ओळखू येतात. तरी तराफ्यावर आली. सकाळची वेळ होती, वारा होताच. मी माइक पाण्यात सोडला, हेडफोन तिच्या पदराखालून नीट बसवला आणि आवाजाचं बटण वाढवत गेले, पार शेवटपर्यंत.

आप्पा काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचे हात पाण्याखाली होते, दिसत नव्हते. खांदे त्यांनी मुद्दाम हलू दिले नाहीत.

आईच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. तिने दोन बोटं वर केली, थोड्या वेळाने पुन्हा दोन. मग तिने हेडफोन कानावर दोन्ही हातांनी दाबून धरला आणि आप्पांच्या पाठीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अवो, आता ते बुडबुडं सोडत जाऊ नगा. तेवढा दम ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

आप्पा वळले नाहीत. त्यांचे हात पाण्याखालीच होते. मी कान देऊन ऐकत होते, पण माझ्या कानाला ना घागर होती ना हेडफोन, आणि पाणी वाऱ्याने चळचळत होतं. मला काहीच ऐकू आलं नाही.

आईने हात वर केला.